ॲब्लेशननंतर ठोके पुन्हा बिघडले? आधी कमरेला टेप लावा

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ५६ वर्षांचे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत स्वतःचे आठ यंत्रमाग. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ठोके अनियमित पडणं), म्हणजे दवाखान्यात आम्ही ज्याला नुसतं 'एएफ' म्हणतो ते, दोन वर्षं येऊन-जाऊन होतं. गेल्या संक्रांतीनंतर पुण्यात ॲब्लेशन केलं, म्हणजे बारीक नळी (कॅथेटर) हृदयात नेऊन बिघाडाची जागा बंद केली. पहिले दोन महिने थोडं खालीवर झालं, मग दिवाळीपर्यंत सगळं छान. आता तीन आठवड्यांपासून संध्याकाळी पुन्हा धडधड सुरू झाली आणि ईसीजीत एएफ सापडलं. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, कमर १०२ सेंटिमीटर, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.८ टक्के, बीपीची एक गोळी चालू. "पुण्याचे डॉक्टर म्हणतात, लागलं तर पुन्हा करू. नातेवाईक म्हणतात, पैसे पाण्यात गेले. इथले डॉक्टर म्हणतात, पोट कमी करा. पोटाचा आणि ठोक्यांचा संबंध काय? आणि यंदा सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीबरोबर बाबांना जाऊ द्यावं का?"

ताई, मी स्वतः ॲब्लेशन करत नाही. मी सोलापुरात फिजिशियन आहे, आणि पुण्याहून, हैदराबादहून ॲब्लेशन करून आलेले पेशंट पुढची पाच-दहा वर्षं माझ्यासमोर बसतात. त्यामुळे ॲब्लेशन होतं त्या खोलीच्या, कॅथ लॅबच्या, आत काय होतं यापेक्षा पेशंट हुतात्मा एक्सप्रेसमधून उतरून घरी आल्यावर काय होतं, हे मी जास्त पाहिलंय. उत्तर त्या बाजूने देतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे ना? पुष्कळ घरांत ॲब्लेशननंतर चार-सहा महिने ठोके नीट राहिले की 'आता बरे झालो' म्हणून ती गोळी आपोआप बंद होते. ही गोळी ठोक्यांसाठी नसते, हृदयात गुठळी होऊन लकवा होऊ नये म्हणून असते. वडिलांना बीपी आहे, साखर आहे. एवढ्यावरच ती चालू ठेवायला हवी, मग ठोके नियमित असोत की नसोत. ॲस्पिरिन हा तिचा पर्याय नाही. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका हाताची ताकद जाणं, यातलं काही दिसलं तर त्या क्षणी घड्याळ बघायचं आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात पळायचं. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनला साडेचार तासांची मुदत असते. तिथे पोचल्यावर रक्त पातळ करणारी गोळी शेवटची कधी घेतली ते आधी सांगायचं, कारण इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्यावर ठरतं. चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, आडवं झाल्यावर दम लागणं, यालाही फोनवर सल्ला विचारत बसू नका.

आता पैसे पाण्यात गेले का? नाही गेले. पण ॲब्लेशनने काय दुरुस्त होतं आणि काय होत नाही, हे बहुतेक घरांना कोणी सांगितलेलं नसतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका पेशंटचं डिस्चार्ज कार्ड मी पाहिलं. चार पानांचं होतं. कुठल्या कंपनीचा कॅथेटर वापरला ते त्यात होतं, आणि वजनाबद्दल, घोरण्याबद्दल एक ओळ नव्हती. रुग्णालयाचं नाव घेत नाही, कारण असं कार्ड कुठूनही येऊ शकतं.

१९९८ साली फ्रान्समध्ये बोर्दोला मिशेल हायसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांचा अभ्यास छापला. एएफ पेटवणाऱ्या ठिणग्या कुठून उडतात हे ते शोधत होते. ९४ टक्के ठिणग्या निघाल्या त्या फुप्फुसांकडून हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरांमधून. या शिरांच्या तोंडाशी हृदयाच्या स्नायूची बाही आत शिरलेली असते, आणि तीच वेळी-अवेळी स्वतःचा ठोका सोडते. आजचं ॲब्लेशन याच शोधावर उभं आहे. शिरांच्या तोंडाभोवती उष्णतेने, थंडीने किंवा आता नव्या विजेच्या झटक्यांच्या तंत्राने व्रणाचं कडं करायचं, म्हणजे आत ठिणगी उडाली तरी ती कप्प्यात पोचत नाही.

म्हणजे ठिणगी कोंडली जाते. कप्प्यात साठलेला पालापाचोळा मात्र जागच्या जागी राहतो.

वडिलांना हे मागाच्या भाषेत सांगा, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळेल. धागा तुटला की कामगार गाठ मारून माग चालू करतो. पण एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी पडली की सूत कडक होतं, तुटणं वाढतं, म्हणून शेडमध्ये पाणी मारून ओलावा धरतात. ओलावा धरला नाही तर कामगार कितीही हुशार असो, दिवसभर गाठीच मारत बसेल. ॲब्लेशन ही उत्तम मारलेली गाठ आहे. शेडच्या हवेचं कोणी काही केलं का, हा खरा प्रश्न आहे.

तरीही गाठ सुटलीच नसेल असं मी म्हणत नाही, आणि इथे आमच्या व्यवसायातल्या काही लोकांशी माझं पटत नाही. एएफ परत आलं की 'पोट कमी केलं नाही ना, मग भोगा' असा सूर लागतो. तो चुकीचा आहे आणि क्रूरही आहे. व्रणाच्या कड्यात केसभर फट राहिली, किंवा सूज ओसरल्यावर तिथला स्नायू पुन्हा जागा झाला, तर शीर परत जोडली जाते. यात पेशंटचा काडीचा दोष नसतो. दुसऱ्यांदा ॲब्लेशन करताना अशा जोडल्या गेलेल्या शिरा पुष्कळदा सापडतात. पण अलीकडे तंत्र सुधारल्यापासून उलटंही दिसतं: शिरा चोख बंद आहेत आणि तरी एएफ चालू आहे. मग ठिणगी कप्प्याच्या भिंतीतूनच उडत असते. अशा पेशंटच्या कमरेकडे, साखरेकडे, झोपेकडे बघितलं की बरंच काही कळतं.

कालगणनेचाही मुद्दा आहे. ॲब्लेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ठोके बिघडले तर त्याला परत येणं म्हणत नाहीत. तेव्हा कप्पा सुजलेला, चिडलेला असतो. पूर्वी हा काळ तीन महिने धरत, २०२४ पासून तज्ज्ञांनी तो दोन महिन्यांवर आणला. वडिलांचं पहिल्या दोन महिन्यांतलं खालीवर त्यात धरा आणि सोडून द्या. आता, अकराव्या महिन्यात आलेलं, हे मात्र खरं परत येणं आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, पोटाचा आणि ठोक्यांचा संबंध.

डावा वरचा कप्पा पातळ भिंतीचा असतो. खालचा मोठा कप्पा जितका ताठर, तितकं रक्त भरताना वरच्याला जास्त जोर लावावा लागतो. बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं, साखर चढी राहिली, की खालचा कप्पा ताठरतो आणि वरचा ताणला जातो, फुगतो. ताणलेल्या भिंतीत स्नायूंच्या पेशींमध्ये तंतू साठतात, व्रणासारखे. विजेची लहर जी सरळ पसरायची ती या तंतूंना वळसे घालत जाते, मागे फिरते, स्वतःभोवती चकरा मारते. एएफ टिकून राहतं ते या चकरांवर.

आणि चरबी. पोटात आतड्यांभोवती साठते तशीच ती हृदयावरही साठते, स्नायूला चिकटून, मध्ये कसलाही पडदा नसताना. ही चरबी नुसती पडून राहत नाही. सूज वाढवणारी रसायनं ती शेजारच्या स्नायूत सोडते, आणि काही ठिकाणी चरबीच्या पेशी स्नायूत शिरतात. तिथे विजेची वाट तुटते. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की हे सगळं वेग घेतं. वडिलांचं पोट, साखर आणि बीपी हे तीन वेगळे आजार म्हणून वेगवेगळ्या फायलींत लावू नका. ते एकाच दुखण्याचे तीन चेहरे आहेत, आणि एएफ हा चौथा.

'पण बाबा काही लठ्ठ नाहीत, थोडं पोट आहे इतकंच,' हे वाक्य तुमच्या मनात आलं असेल. मला ते रोज ऐकू येतं. यावर पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना सारखेच म्हणतो आणि आतली कथा दुपटीहून वेगळी. आपण असे बारीक-जाड लोक आहोत: हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात दडलेली. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच जास्त वजन आणि २५ पासून स्थूलपणा धरतात, आणि कमरेची मर्यादा पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंटिमीटर. वडिलांचा बीएमआय २८.७ आणि कमर १०२ आहे. 'थोडं पोट' म्हणजे हिशेबात मर्यादेच्या बारा सेंटिमीटर पुढे.

कमर पँटच्या मापावरून सांगू नका. पुरुषांची पँट पोटाखाली बसते, त्यामुळे चाळीस वर्षांत पँटचा नंबर बदलत नाही आणि पोट बदलतं. शिंप्याची टेप घ्या. खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडल्यावर मोजा. पोट आत ओढून धरलं तर फसवणूक स्वतःचीच.

पोट कमी केल्यावर ठोके खरंच सुधारतात का? यावर सगळ्यात जास्त काम ऑस्ट्रेलियात ॲडलेडला झालं, प्रशांतन सँडर्स यांच्या गटात. राजीव पाठक यांनी तिथून २०१५ साली 'लेगसी' नावाचा अभ्यास छापला. एएफ असलेले आणि बीएमआय २७ किंवा जास्त असलेले ३५५ लोक, म्हणजे तुमच्या वडिलांसारखेच. ज्यांनी दहा टक्के किंवा जास्त वजन घटवलं, त्यांच्यातले ४५.५ टक्के लोक गोळ्या किंवा ॲब्लेशनशिवाय एएफमुक्त राहिले. तीन ते नऊ टक्के घटवणाऱ्यांत हा आकडा २२.२, आणि त्याहून कमी घटवणाऱ्यांत १३.४. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फार थोडे जण सांगतात: ज्यांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त खालीवर झुलत राहिलं, त्यांचा बराच फायदा धुऊन गेला. लग्नाआधी महिनाभर उपाशी राहून आठ किलो आणि मग आमरसाच्या मोसमात दहा किलो परत, हा खेळ कप्प्याला मानवत नाही.

त्याच गटाने २०१४ साली ॲब्लेशन झालेल्या १४९ लोकांचा हिशेब मांडला. वजन, बीपी, साखर, चरबी, झोप, दारू आणि तंबाखू यांच्यासाठी वेगळ्या ओपीडीत येण्याची तयारी दाखवलेले ६१, आणि नको म्हणालेले ८८. पहिल्या गटात एएफ परत येणं कितीतरी कमी. पण 'हो' आणि 'नको' पेशंटांनी स्वतः ठरवलं होतं, चिठ्ठी टाकून नव्हे. ओपीडीला येणारा माणूस मुळातच गोळ्या वेळेवर घेणारा असू शकतो. जर्मनीत चिठ्ठी टाकून केलेल्या एका चाचणीत ॲब्लेशननंतर वजन घटवण्याचा कार्यक्रम दिलेल्यांना एकूणात ठळक फायदा दिसला नाही. तिथे वजन फारसं उतरलंच नव्हतं. त्यावरून माझं मत असं बनलंय की दोन-तीन किलोंनी कप्प्याला काही कळत नाही. वडिलांसाठी हिशेब सोपा आहे: ७८ चे दहा टक्के म्हणजे ७.८, आपण आठ किलो धरू. सहा ते नऊ महिन्यांत, आणि परत न चढू देता. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांच्या २०२३ च्या मार्गदर्शनात दहा टक्के हेच ध्येय आहे, आणि बीपी १३०/८० च्या आत.

दारूबद्दल पुरावा जास्त धारदार आहे. मेलबर्नकडच्या डॉक्टरांनी २०२० साली १४० नियमित पिणाऱ्यांना चिठ्ठी टाकून दोन गटांत वाटलं. सोडणाऱ्यांत सहा महिन्यांत ५३ टक्क्यांचं एएफ परत आलं, चालू ठेवणाऱ्यांत ७३ टक्क्यांचं. तुमच्या प्रश्नात दारूचा उल्लेख नाही. मुलीला माहीत नसतं आणि मुलगा लिहीत नाही, एवढं मी शिकलोय. वडिलांना एकट्यांना विचारावं लागेल. रविवारच्या मटणावर माझा फार राग नाही; शनिवारी रात्री शेडच्या मागे जे होतं त्यावर आहे.

आता सोलापूरचं ताट. 'गहू सोडा, भात सोडा' असा इंटरनेटवरचा आहार इथे तीन आठवडेही टिकत नाही. सुदैवाने आपलं मूळ अन्न वाईट नाही. मंगळवेढ्याची ज्वारी, मुगाचं गरगट, मेथी, शेपू, ताक. अडचण बाजूच्या गोष्टींची आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये दिवसाला पाच-सहा चहा होतात. प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर दहा-बारा चमचे, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास. बरोबर खारी नाहीतर बटर. वडिलांची सरासरी साखर ७.८ वर नेणारा निम्मा माल याच काचेच्या ग्लासातून गेला असावा, असा माझा अंदाज आहे. पहिल्या महिन्यात फक्त एवढंच करा: चहा दोन, बिनसाखरेचे. बाकी कशालाही हात लावू नका. एकदम सात गोष्टी बदलणारा माणूस आठव्या दिवशी सातही सोडतो.

शेंगाचटणी. हिच्याविरुद्ध बोलून मला या गावात राहायचं आहे, म्हणून जपून सांगतो. शेंगदाणा चांगला आहे, पण १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, आणि चटणीत मीठ सढळ असतं. मीठ बीपी चढवतं, बीपी कप्पा ताणतं. भाकरीवर चमचाभर चटणी ठीक, पण वाटीभर चटणीत तेल घालून भाकरी बुडवणं म्हणजे तिचीच भाजी झाली. कडक भाकरीचंही तसंच आहे. ती पापडासारखी हलकी लागते म्हणून मोजली जात नाही. हुरड्याचे दिवस आहेत, जाऊ द्या एखाद्या रविवारी शेतावर. भाजलेला हुरडा आणि दही खाऊ द्या. गुळाचा खडा आणि रेवड्या लांबच ठेवा. एकादशीला साबुदाणा खिचडी खाऊन साखर तपासून बघा एकदा, दोन तासांनी. मी काही बोलण्याची गरज पडणार नाही.

जेवणाची वेळ जेवणाइतकीच महत्त्वाची आहे. शेड बंद करून रात्री साडेदहाला भरपेट जेवायचं आणि अकराला आडवं व्हायचं, हे मागवाल्यांचं रोजचंच. रात्रीचं जेवण आठच्या आत शेडमध्येच डब्यातून करता आलं तर घरी येऊन नुसतं ताक. माझ्या दोन पेशंटनी फक्त एवढ्या बदलाने चार-चार किलो उतरवले. बाकी त्यांनी माझं फारसं ऐकलं नव्हतं.

चालणं आठवड्याला १५० ते २०० मिनिटं. सिद्धेश्वर तलावाकाठी, नाहीतर घराजवळच. पण एप्रिल ते जून सकाळी सातच्या आत आटपायचं. ४३-४४ अंशांत अंगातलं पाणी आणि पोटॅशियम कमी झालं तर त्यानेच ठोके बिघडतात, आणि बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असेल तर लवकर. चालण्याबरोबर आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम हवा, खुर्चीवरून हात न टेकता दहा-दहा वेळा उठबस इतका साधा. साखर जाळण्याचं काम स्नायूच करतात, आणि आपल्या लोकांत तेच कमी असतात.

झोपेबद्दल मी स्वतः केलेली चूक सांगतो. एका पेशंटला दोन वर्षं मी गोळ्या बदलून देत होतो, बीपी हटत नव्हतं, एएफ रात्रीच यायचं. एकदा त्यांच्या बायकोने सहज म्हटलं, "घोरता घोरता मधेच श्वास थांबतो ह्यांचा, मी हलवते तेव्हा सुरू होतो." ती बाई दोन वर्षं दर महिन्याला माझ्यासमोर बसली होती आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. घसा मिटून श्वास अडतो तेव्हा छाती जोर लावून हवा ओढायला बघते. त्या ओढीने कप्पा ताणला जातो, रक्तातला प्राणवायू उतरतो, बीपी उसळतं. रात्रीत असं शंभर वेळाही होऊ शकतं. आईला विचारा, बाबा घोरतात का, श्वास अडतो का. हो असेल तर घरी करता येणारी झोपेची तपासणी करून घ्या. झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन लावल्यावर एएफ थांबेलच असं छोट्या चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. पण बीपी आणि दिवसाची पेंग यात फरक पडतो, आणि दिवसा पेंगणारा माणूस चालायला जात नाही.

औषधांबद्दल थोडंच. साखरेच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, वजन थोडं उतरवतात, हृदयाला आणि किडनीला जपतात; मोठ्या चाचण्यांच्या आकडेवारीत त्यांच्यावर असलेल्यांना एएफही कमी दिसलं. पेटंट संपल्यापासून त्या स्वस्तही झाल्या आहेत. मात्र निर्जळी उपवास, जुलाब, मे महिन्यातलं ऊन यांत त्या थांबवाव्या लागतात, आणि कधी थांबवायच्या ते आधीच विचारून ठेवायचं. वजनाची इंजेक्शनं आता आपल्याकडे मिळतात, काम करतात, आणि बंद केली की वजन बहुधा परत येतं. आठ किलोंसाठी मी आधी चहा आणि जेवणाची वेळ आजमावेन. जिममध्ये विकत मिळणारी 'फॅट बर्नर' पावडर मात्र घरात येऊ देऊ नका. आणि अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेल्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूल हृदयासाठी चालू असतील तर डॉक्टरांना दाखवा. जास्त डोसमध्ये त्यांनी एएफ वाढतं.

मग दुसरं ॲब्लेशन? 'आधी वजन उतरवा, मग बघू' असं म्हणून पेशंटला लटकवून ठेवणाऱ्यांच्या मी विरोधात आहे. एएफ जितका काळ चालू राहतं तितका कप्पा त्याला सरावतो. हृदयाचं पंपिंग कमी झालं असेल, किंवा त्रास रोजचा असेल, तर थांबण्यात शहाणपण नाही. दोन्ही कामं एकदम चालली पाहिजेत. पुण्याची वेळ आजच घेऊन ठेवा. तोवर इथे नवा इको, थायरॉईड, पोटॅशियम, किडनीच्या तपासण्या आणि काही दिवसांचं होल्टर (अंगावर बांधून सतत ठोके नोंदवणारं यंत्र) करून घ्या. भेटीत दोन-तीन गोष्टी नेमक्या विचारा. ईसीजीत आहे ते एएफच की फ्लटर, म्हणजे वरच्या कप्प्यात एकाच वाटेने गोल फिरणारी वेगवान लय? ॲब्लेशननंतर व्रणाभोवती फिरणारा फ्लटर होऊ शकतो, आणि तो पोट कमी करून जात नाही, त्याला त्याचंच ॲब्लेशन लागतं. डावा वरचा कप्पा गेल्या जानेवारीपेक्षा मोठा झालाय का? आणि पुन्हा केलं तर शिरा जोडल्या आहेत का ते आधी तपासाल, की कप्प्यात सरसकट व्रणाच्या जास्तीच्या रेषा मारणार? शेवटच्या प्रश्नावर डॉक्टर वैतागले तरी विचारा.

कप्पा फार मोठा झाला नसेल आणि झटके अजून येऊन-जाऊन असतील, तर मी तीन महिने जोर लावून वरच्या गोष्टी करीन आणि मग होल्टर पुन्हा बघून ठरवीन. 'शून्य एएफ' हे एकच यश मानू नका. २०२० साली कॅनडात झालेल्या 'अर्ली एएफ' चाचणीत त्वचेखाली बसवलेल्या यंत्राने रात्रंदिवस नजर ठेवली, तेव्हा थंडीने ॲब्लेशन केलेल्यांतही वर्षभरात ४२.९ टक्क्यांना कधी ना कधी पुन्हा झटका आला. नुसत्या गोळ्यांवर असलेल्यांत ६७.८ टक्क्यांना. पण ॲब्लेशन केलेल्या बहुतेकांचा एएफमध्ये जाणारा वेळ अगदी नगण्य होता. आठवड्यातून तीनदा तीन-तीन तास येणारं जर महिन्यातून एकदा वीस मिनिटं झालं, तर माझ्या वहीत ती जीत आहे.

हे सगळं लागू होतं ते झडपा ठीक असलेल्यांना. लहानपणी सांधे धरून येणाऱ्या तापाने झडप अरुंद झालेली असेल, आपल्याकडे असे पेशंट अजून पुष्कळ आहेत, तर त्यांचं गणित, रक्त पातळ करण्याच्या गोळीसकट, वेगळं. वडिलांचं ॲब्लेशनआधी इको झालंच असणार, तेवढं त्या कागदावर बघून घ्या.

राहिला नंदीध्वज. जाऊ द्या. बाराबंदी घालून वर्षानुवर्षं चालणाऱ्या माणसाला घरी बसवलं तर त्या दिवशीचं बीपी मला मोजायचं नाही. अडुसष्ट लिंगांची वाट चालणं हा व्यायामच आहे. पण ध्वज पेलायचा नाही, खांदेपालटालाही नाही. ठोके अनियमित असताना तोल गेला आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर प्रकरण गंभीर होतं. जाण्याआधी आराम करताना नाडी एकशेदहाच्या वर असेल तर डॉक्टरांना फोन करून मगच. खिशात गोळ्यांची यादी, बरोबर पाणी आणि धाकटा कोणीतरी. आणि ती गोळी रिव्हारोक्सॅबॅन असेल तर ती जेवणासोबतच घ्यायची असते, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. मिरवणुकीच्या दिवशी जेवण मध्यरात्रीवर जातं आणि गोळी राहून जाते. डबा बरोबर द्या.